लॉक दिसला की पुढची ओळ

ऑनलाइन दुकानातून तुम्ही पुस्तक मागवता. पैसे भरल्यावर क्षणभरात पडद्यावर 'ऑर्डर नोंदवली' असं येतं. पावतीचा ई-मेल मात्र काही सेकंदांनी येतो आणि गोदामाला निरोप त्याहून उशिरा जातो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. ग्राहकाला ताटकळत ठेवून सगळी कामं त्याच्यासमोर उरकण्याची गरज नसते. ऑर्डर पक्की झाली की उरलेली कामं एका यादीत लिहून ठेवायची आणि मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी ती एकेक करून उचलायची, अशी ही पद्धत. या यादीला मेसेज क्यू किंवा जॉब क्यू म्हणतात आणि कामं उचलणाऱ्या प्रोग्रॅमांना वर्कर. आपण यादीला सरळ रांग म्हणू.

ही रांग ठेवायची कुठे? एक उत्तर असं, की तिच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आणावं. आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३ सालचं. रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आलं आणि रेडिस या मेमरीत माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर रांगा बांधण्याची पद्धत त्यानंतर रुळली. दुसरं उत्तर असं, की ऑर्डर ज्या डेटाबेसात आहे त्याच डेटाबेसात आणखी एक टेबल करावं. हे दुसरं उत्तर बरीच वर्षं कच्चं समजलं जाई. 'डेटाबेसची रांग करू नकोस' हा सल्ला नव्या प्रोग्रॅमरला हमखास मिळायचा, आणि त्यामागची कारणंही खरी होती. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पुढच्या काळात ती कारणं एकेक करून दूर केली. हे एका कंपनीचं किंवा एका माणसाचं काम नव्हे. एकाने अडचण मांडली, दुसऱ्याने तोडगा काढला, तिसऱ्याने तो तोडगा आपल्या भाषेत नेला. संगणकाच्या इतिहासातल्या ज्या गोष्टींबद्दल मला मनापासून आदर वाटतो, त्यांतली ही एक.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी, ते आधी पाहू. समजा, ऑर्डर पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसात जाते आणि 'ई-मेल पाठव' हे काम रेडिसमध्ये. दोन जागी लिहायचं म्हणजे एक आधी आणि एक नंतर. ऑर्डर आधी लिहिली आणि काम लिहिण्यापूर्वीच सर्व्हर कोसळला, तर ऑर्डर आहे पण ई-मेल कधीच जाणार नाही. उलट, काम आधी लिहिलं तर एखादा चपळ वर्कर ते लगेच उचलतो, ऑर्डर क्रमांक ५०१२ शोधतो आणि ती अजून डेटाबेसात नसतेच. बँकेने कार्ड नाकारल्यामुळे ऑर्डर रद्द झाली, तर 'अभिनंदन'चा ई-मेल मात्र गेलेला असतो. असे प्रकार रोज घडत नाहीत, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. महिन्यातून दोनदा घडणारी चूक चाचणीत सापडत नाही आणि लॉग चाळूनही तिचा माग लागत नाही.

रांग त्याच डेटाबेसात असली की हा प्रश्न उरतच नाही. ऑर्डरची ओळ आणि कामाची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही अशा एका व्यवहारात जातात. कमिट झालं, म्हणजे व्यवहार पक्का झाला, तर दोन्ही आहेत, नाही झालं तर एकही नाही. कमिट होईपर्यंत वर्करला ती ओळ दिसत नाही, त्यामुळे घाई करूनही त्याचा घोळ होत नाही. हा फायदा इतका मोठा आहे, की काफ्कासारखी वेगळी यंत्रणा वापरणारेही अनेकदा निरोप आधी डेटाबेसातल्या 'आउटबॉक्स' नावाच्या टेबलात लिहितात आणि तिथून पुढे पाठवतात. म्हणजे रांग दारातून बाहेर काढली तरी खिडकीतून आत येतेच.

जिम ग्रे यांनी हे १९९५ सालीच सांगून ठेवलं होतं. ट्रान्झॅक्शनची संकल्पना घडवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या काहींत येतं. १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. 'क्यूज आर डेटाबेसेस' या छोट्या टिपणात त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: रांगेचं वेगळं सॉफ्टवेअर लिहायला बसलात की त्यात सुरक्षितता आणावी लागते, कोसळल्यावर सावरण्याची सोय करावी लागते, आत काय साठलंय ते विचारता यावं लागतं. हे सगळं डेटाबेसात आधीपासून आहे. तेव्हा डेटाबेसाला रांगेसाठी लागणाऱ्या थोड्या जास्तीच्या सोयी द्या, दुसरा डेटाबेस लिहू नका. व्यापारी कंपन्यांनी हे लवकर मनावर घेतलं. ओरॅकलमध्ये १९९७ च्या आठव्या आवृत्तीपासून स्वतःची रांग होती. मुक्त डेटाबेसांत मात्र त्या 'थोड्या जास्तीच्या सोयी' यायला वेळ लागला.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची सोय कोणती, हे कळण्यासाठी वर्कर काम कसं उचलतो ते जवळून पाहू. टेबलात दहा ओळी आहेत, सगळ्या 'तयार' अवस्थेत. पहिला वर्कर डेटाबेसाला म्हणतो: तयार असलेली सर्वांत जुनी ओळ दे आणि तिला लॉक लाव. एसक्यूएलमध्ये याला 'सिलेक्ट' आणि शेवटी 'फॉर अपडेट' असं लिहितात. त्याला पहिली ओळ मिळते. त्याच क्षणी दुसरा वर्कर तेच विचारतो. सर्वांत जुनी ओळ त्याच्याही दृष्टीने पहिलीच, पण तिला लॉक आहे, म्हणून तो थांबतो. तिसरा येतो, तोही त्याच ओळीपाशी थांबतो. चार खुर्च्यांच्या सलूनमध्ये पहिल्या गिऱ्हाईकाची दाढी चालू असताना बाकीचे तिघे कारागीर त्याच्याच भोवती हात बांधून उभे राहावेत आणि बाकावरची माणसं तशीच बसून राहावीत, तसं हे होतं. वर्कर दहा असोत की पन्नास, रांग एकाच्याच वेगाने सरकते.

यावर रुबी भाषेच्या जगात एकामागून एक तोडगे निघाले. शॉपिफायच्या कामातून तोबियास ल्युटके यांनी बाहेर काढलेला डिलेड जॉब हा त्यांतला जुना. त्याच्या टेबलात काम कोणत्या वर्करने धरलं आणि कधी धरलं, यासाठी दोन रकाने होते. वर्करने आपलं नाव त्यात लिहायचं आणि ज्याचं नाव आधी लागलं त्याचं काम. साधा आणि समजायला सोपा उपाय, पण वर्कर वाढले की सगळ्यांची झुंबड त्याच ओळींवर पडे. गिटहबनेही आधी डिलेड जॉब वापरला आणि २००९ मध्ये त्यावरून उठून रेडिसवर चालणारं रेस्क्यू लिहिलं. त्यानंतर बरीच वर्षं रुबीवाल्यांची पावलं रेडिसकडेच वळत राहिली.

तरी काहीजण पोस्टग्रेसलाच चिकटून राहिले. हेरोकूमधल्या रायन स्मिथ यांच्या क्यू क्लासिकने वेगळी युक्ती केली: सर्वांत जुनी एकच ओळ मागायची नाही, पुढच्या काही ओळींमधून यादृच्छिकपणे एक निवडायची, म्हणजे टक्कर कमी होते. ख्रिस हँक्स यांच्या क्यूई या लायब्ररीने पोस्टग्रेसचे ॲडव्हायझरी लॉक वापरले. हे लॉक कोणत्याही ओळीला चिकटलेले नसतात. एखाद्या आकड्यावर लॉक मागायचा, मिळाला तर 'हो' आणि नाही मिळाला तर लगेच 'नाही'. वाट पाहणं नाहीच. मला हा उपाय फार हुशारीचा वाटतो. डेटाबेसात जी सोय नव्हती, ती त्यांनी हाताशी असलेल्या दुसऱ्याच सोयीतून उभी केली आणि बाकीच्यांना नेमकं काय हवंय ते दाखवून दिलं.

हवं होतं ते दोन शब्दांत मावणारं होतं: 'स्किप लॉक्ड'. लॉक असलेल्या ओळीपाशी थांबू नकोस, तिला ओलांडून पुढची घे. ओरॅकलमध्ये ही सोय बरीच आधी होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती 'रीडपास्ट' या नावाने होती. पोस्टग्रेससाठी थॉमस मन्रो यांनी ती लिहिली, अल्वारो हेरेरा यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ती मूळ कोडमध्ये घेतली आणि ७ जानेवारी २०१६ ला आलेल्या ९.५ या आवृत्तीतून ती सर्वांच्या हाती पडली. आता पहिल्या वर्करला पहिली ओळ मिळते, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. कोणी कोणाची वाट पाहत नाही. वर्कर मधेच मेला तर त्याची जोडणी तुटते, लॉक आपोआप सुटतो आणि ओळ पुन्हा रांगेत उभी असते.

पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपत्रकात या सोयीबद्दल एक इशारा दिलेला आहे. ओळी ओलांडल्यामुळे दिसणारं चित्र सुसंगत नसतं, म्हणून नेहमीच्या कामाला ही सोय वापरू नये. रांगेसारख्या टेबलावर अनेक वाचक असतील तर मात्र चालेल. डेटाबेस म्हणजे काटेकोर सुसंगतीचा आग्रह. त्या आग्रहात रांगेसाठी एक सवलत ठेवली, ती नीट विचार करून आणि तसं लिहून. २०१८ मध्ये मायएसक्यूएलच्या ८.० मध्येही तीच दोन शब्दांची सोय आली.

पण लॉकचा प्रश्न सुटला म्हणून 'डेटाबेसची रांग करू नकोस' म्हणणारी मंडळी खोटी ठरली नाहीत. त्यांचं दुसरं कारण जास्त खोल होतं.

पोस्टग्रेसमध्ये ओळ पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर 'मेली' अशी खूण होते, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती अजून दिसायला हवी असते. मेलेल्या ओळी नंतर व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया झाडून काढते. मात्र जी ओळ सर्वांत जुन्या चालू ट्रान्झॅक्शननंतर मेली, तिला व्हॅक्यूम हात लावू शकत नाही. आता असं समजा, की हिशेब विभागाने दुपारी एक मोठा अहवाल लावला आणि तो दोन तास चालला. रांगेत सेकंदाला शंभर कामं येतात आणि पूर्ण होऊन पुसली जातात. दोन तासांत ७,२०,००० मेलेल्या ओळी साठल्या. जिवंत ओळी कोणत्याही क्षणी दहा-वीसच. पण वर्कर सर्वांत जुनी ओळ मागतो आणि इंडेक्सच्या त्या टोकाला नेमकी ही मेलेल्या ओळींची सगळी रास असते. प्रत्येक वेळी ती तुडवत त्याला जिवंत ओळीपर्यंत जावं लागतं. काम उचलायला वेळ लागतो, म्हणून रांग वाढते. रांग वाढते म्हणून वर्कर आणखी झटतात. डेटाबेसचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. आणि जो माणूस हे दुरुस्त करायला बसतो तो रांगेचं टेबल तपासत राहतो. दोष रांगेत नसतोच. तो दुसऱ्या खोलीतल्या, रांगेला स्पर्शही न करणाऱ्या अहवालात असतो.

ब्रँडर लीच यांनी २०१५ मध्ये या दुखण्याची चिरफाड करून सविस्तर मांडणी केली. तेव्हापासून पोस्टग्रेसवर रांग बांधणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. त्यावरचे उपाय दिसायला साधे आहेत: वर्करचं ट्रान्झॅक्शन छोटं ठेवा, रिकाम्या उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनला वेळेची मर्यादा घाला, रांगेच्या टेबलासाठी ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप सुरू होणारं व्हॅक्यूम, जास्त तत्पर करा. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगप्रमाणे टेबलातल्या साधारण २० टक्के ओळी मेल्यावर ते जागं होतं, रांगेसाठी हे फार उशिरा आहे. पोस्टग्रेसच्या २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत इंडेक्समधल्या निकामी नोंदी वेळीच काढण्याची सुधारणा आली, तिने थोडा दिलासा दिला. अहवाल मात्र डेटाबेसाची प्रत असलेल्या वेगळ्या सर्व्हरवर हलवूनही सुटका होईलच असं नाही. त्या प्रतीने मूळ सर्व्हरला 'मी अजून वाचतेय' असं कळवण्याची व्यवस्था चालू असेल, तर मेलेल्या ओळी तिकडच्या अहवालासाठीही जपून ठेवाव्या लागतात.

याच दुखण्यावरचा मला सर्वांत देखणा वाटणारा उपाय यापेक्षा जुना आहे. तो एस्टोनियातला. स्काइपचे अभियंते मुख्यतः तालिन शहरात बसत आणि त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस होता. तिथे मार्को क्रीन आणि सहकाऱ्यांनी लिहिलेली स्कायटूल्स ही साधनं २००७ मध्ये मुक्त झाली. त्यांतल्या रांगेचं नाव पीजीक्यू. तिच्यात एकही ओळ बदलली जात नाही आणि एकही पुसली जात नाही. नोंदी तीन टेबलांत आळीपाळीने टाकल्या जातात. सगळे वाचक एखाद्या टेबलाच्या पुढे गेले, की ते टेबल 'ट्रंकेट' करून एका फटक्यात रिकामं करतात. मेलेल्या ओळी तयारच होत नाहीत, मग झाडायच्या कोणत्या?

वाचकाने कुठवर वाचलं हे ठरवण्यातही त्यांनी एक बारकावा पकडला होता. नोंदीला चढत्या क्रमाने आकडा दिला तर 'मी १०२ पर्यंत वाचलं' एवढं लक्षात ठेवणं पुरेसं वाटतं. पण एका ट्रान्झॅक्शनने १०१ हा आकडा घेतला आणि ते रेंगाळलं. दुसऱ्याने १०२ घेतला आणि लगेच कमिट केलं. वाचकाला फक्त १०२ दिसला, त्याने तशी खूण केली. नंतर १०१ कमिट झाला, पण त्याच्याकडे आता कोणी बघणार नाही. निरोप गहाळ, आणि कुठेही त्रुटीची नोंद नाही. पीजीक्यूने आकड्यांवर विसंबणं सोडलं. टिकर नावाचा छोटा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने 'या क्षणी कोणती ट्रान्झॅक्शन संपली आणि कोणती चालू आहेत' याचं चित्र टिपून ठेवतो. दोन चित्रांच्या मधे जे नव्याने दिसू लागलं, तो एक गठ्ठा. रेंगाळलेला १०१ पुढच्या गठ्ठ्यात अचूक येतो. यासाठी लागणारी फंक्शन्स २००८ मध्ये पोस्टग्रेस ८.३ मध्येच सामील झाली. आजही कोणी नवी रांग लिहायला घेतली आणि चढत्या आकड्यावर भिस्त ठेवली, की याच खड्ड्यात पडतो.

वर्करला काम आल्याचं कळावं कसं, हा लहान प्रश्न आहे, पण त्यात एक फसगत आहे. पोस्टग्रेसमध्ये 'लिसन' आणि 'नोटिफाय' ही जोडी फार जुनी. काम लिहिताना नोटिफाय केलं, की ऐकत बसलेल्या वर्करला कमिटच्या क्षणी हाक जाते. मात्र नोटिफाय असलेलं प्रत्येक ट्रान्झॅक्शन कमिट होताना सर्व्हरभरात एकच सामाईक लॉक घेतं, त्यामुळे भार वाढला की सगळी कमिटं एकामागे एक उभी राहतात. शिवाय हाक गेली तेव्हा वर्कर जोडलेला नसेल तर ती वाया जाते. म्हणून जाणते लोक हाकेवर विसंबत नाहीत. वर्कर ठरावीक सेकंदांनी टेबल स्वतः पाहतोच, हाक आली तर जरा लवकर पाहतो.

स्किप लॉक्ड आल्यावर रांगांची नवी पिढी वेगाने उभी राहिली. एलिक्सिर भाषेसाठी पार्कर सेल्बर्ट यांचा ओबान २०१९ मध्ये आला. नोडसाठी पीजी-बॉस आणि ग्राफाइल वर्कर आहेत, रुबीत बेन शेल्डन यांचा गुडजॉब. २०२३ मधला पीजीएमक्यू ॲमेझॉनच्या एसक्यूएस सेवेच्या धर्तीवर आहे. उचललेला निरोप ठरावीक वेळ इतरांना दिसत नाही, आणि त्या वेळात वाचकाने तो पुसला नाही तर पुन्हा दिसू लागतो. लॉक धरून बसण्याची गरज संपते, म्हणून लांब चालणाऱ्या कामांना हे सोयीचं. त्याच वर्षी गो भाषेसाठी रिव्हर आला. त्याचे दोन कर्ते ब्लेक जेंट्री आणि ब्रँडर लीच, म्हणजे २०१५ मध्ये दुखण्याची चिरफाड करणारेच. रिव्हरच्या परिचयपत्रात त्यांनी ओबान, क्यूई, साइडकिक, डिलेड जॉब, गुडजॉब, हँगफायर या आधीच्या रांगांची नावं घेऊन त्यांच्या कर्त्यांचे आभार मानले आहेत. यांतल्या काही एकमेकींच्या स्पर्धक आहेत, काही रेडिसवर चालतात, भाषाही वेगवेगळ्या. तरी ऋण मोकळेपणाने मान्य केलेलं आहे.

रेल्स या रुबीतल्या चौकटीच्या नोव्हेंबर २०२४ मधल्या आठव्या आवृत्तीत तर डेटाबेसवरची सॉलिड क्यू हीच मुळातली रांग झाली. ती लिहिणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने 'हे' या आपल्या ई-मेल सेवेत तिच्यावर दिवसाला सुमारे २ कोटी कामं चालतात असं सांगितलं. ज्या रुबीवाल्यांनी रेडिसकडे मोर्चा वळवला होता, त्यांच्याच चौकटीने पुन्हा डेटाबेस निवडला.

याचा अर्थ काफ्काची गरज संपली असा घेऊ नये. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, पुण्यात वाढलेल्या नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी काफ्का घडवला आणि २०११ मध्ये तो मुक्त झाला. त्याचं काम निराळं आहे. घटनांचा अखंड प्रवाह अनेक यंत्रांवर पसरून ठेवायचा, वाचल्यावर पुसायचा नाही आणि अनेक वाचकांनी आपापल्या जागेपासून तो हवा तितक्यांदा वाचायचा. असा प्रवाह हवा असेल, तर तो एका डेटाबेस सर्व्हरवर लादणं चूक आहे. पण 'ऑर्डर आली, पावती पाठव' या जातीची कामं, दिवसाला काही लाख असली तरी, हातातल्या पोस्टग्रेसवर सुखाने चालतात. त्यासाठी सुरुवातीलाच दुसरी यंत्रणा आणणाऱ्या छोट्या चमूला दोन गोष्टींची देखभाल करावी लागते, आणि दोन जागी लिहिण्याचा तो जुना घोळ वर पदरात पडतो.

एक गोष्ट मात्र कोणतीच रांग देऊ शकत नाही: बाहेरचं काम नेमकं एकदाच होण्याची हमी. वर्करने ई-मेल पाठवला आणि 'झालं' अशी खूण करण्याआधीच तो कोसळला, तर काम परत रांगेत येतं आणि ई-मेल दुसऱ्यांदा जातो. ई-मेलचा सर्व्हर आपल्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आहे, त्याला काही माघारी फिरवता येत नाही. म्हणून बाहेरच्या सेवेला प्रत्येक वेळी कामाचा तोच क्रमांक द्यायचा असतो, म्हणजे ती दुसरी विनंती ओळखून सोडून देते. पैसे वळते करणाऱ्या अनेक सेवा असा क्रमांक स्वीकारतात. काम त्याच डेटाबेसातलं असेल, समजा वॉलेटमधली शिल्लक बदलणं, तर शिल्लक आणि 'झालं'ची खूण एकाच कमिटमध्ये टाकता येतात. मग ते खरोखर एकदाच होतं. रिव्हरमध्ये यासाठी वेगळं फंक्शनच दिलेलं आहे. नवी रांग बसवली, की वर्कर कामाच्या मधोमध मुद्दाम मारून पाहावा. काम परत आलं का, किती वेळाने आलं आणि परिणाम दोनदा तर झाला नाही ना, या तीन प्रश्नांची उत्तरं ग्राहक मिळण्याआधीच हाती असावीत.